उंदराला मांजर साक्ष

विंडोज ९५ मधला एक बग आमच्या धंद्यातल्या जुन्या खोडांना नक्की आठवत असेल. मशीन सलग ४९.७ दिवस चालू ठेवलं की ते गोठायचं. कारण साधं होतं. मशीन सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले, हे ३२ बिटांच्या एका आकड्यात मोजलं जायचं. तो आकडा ४२९ कोटींच्या पुढे गेला की भरून वाहायचा आणि पुन्हा शून्यावर यायचा. १९९५ साली आलेल्या सिस्टिममधला हा दोष उघडकीला यायला १९९९ उजाडलं. गंमत म्हणजे, कितीही हुशार टेस्टर आणा, आठवडाभराच्या टेस्टिंगमध्ये हा बग सापडणारच नाही. पन्नास दिवस थांबायची तयारी असेल तरच सापडेल. शिवाय बहुतेकांची मशीनं तोवर इतर शंभर कारणांनी बंद पडत असल्यामुळे मूळ दोषाचा कोणाला संशयही येत नसे.

आता मशीनच्या जागी माणूस ठेवा आणि पन्नास दिवसांच्या जागी वीस वर्षं. आजच्या विषयाची अडचण एवढीच आहे, आणि एवढी मोठी आहे.

विषय आहे रसायनांच्या दीर्घकालीन चाचण्यांचा. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. 'केमिकल-फ्री साबण' वगैरे प्रकाराला माझा पाठिंबा नाही. पाणीही केमिकलच आहे आणि साबण तर आहेच आहे. मात्रा ठरवते विष की औषध, हे पॅरासेल्सस पाचशे वर्षांपूर्वी सांगून गेला. प्रश्न 'केमिकल चांगलं की वाईट' हा नाहीच. प्रश्न असा आहे की एखाद्या पदार्थाची थोडी थोडी मात्रा रोज, वर्षानुवर्षं पोटात गेली तर काय होतं, हे कोणी तपासलंय का? आणि तपासलं असेल तर तो रिपोर्ट कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

एका दणक्यात प्यायल्यावर माणूस मरेल का, हे शोधणं तुलनेने सोपं आहे. काही दिवसांत उत्तर मिळतं. रोजच्या चिमूटभर मात्रेचं उत्तर मिळवायला उंदरांचं जवळजवळ अख्खं आयुष्य खर्ची घालावं लागतं. ओईसीडीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कॅन्सरची चाचणी उंदरांवर दोन वर्षं चालते. एका गटात पन्नास नर, पन्नास माद्या. असे तीन वेगवेगळ्या मात्रांचे निदान तीन गट आणि चौथा काहीच न दिलेला कंट्रोल ग्रुप. म्हणजे कमीत कमी चारशे उंदीर. त्यांचं वजन, खाणं, रक्त सगळं नोंदवायचं आणि शेवटी प्रत्येकाचे डझनावारी अवयव मायक्रोस्कोपखाली बघायचे. कोट्यवधींचा खर्च, आणि निकाल हातात येईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात.

ज्या मात्रेला उंदरांना काहीही होत नाही ती मात्रा घ्यायची आणि तिला शंभराने भागायचं. दहा यासाठी, की माणूस उंदरापेक्षा नाजूक असू शकतो. आणखी दहा यासाठी, की एखादं बाळ किंवा आजारी म्हातारा इतर माणसांपेक्षा नाजूक असू शकतो. हा शंभराचा नियम १९५४ पासून चालत आलाय. आपण डिझाइनमध्ये 'सेफ साइडला राहू' म्हणून बफर ठेवतो, तसाच हा. ढोबळ आहे, पण ऑप्शन नाही.

इथे इंजिनिअर मंडळी दोन शंका काढतील. पहिली सँपल साइजची. हजारात एका माणसाला जास्तीचा कॅन्सर करणारं रसायन पन्नास उंदरांत दिसणार कसं? नाहीच दिसणार. आणि १४० कोटींच्या देशात हजारात एक म्हणजे १४ लाख माणसं. म्हणूनच उंदरांना मुद्दाम जास्त मात्रा देतात आणि तिथून खाली हिशोब करतात. दुसरी शंका जास्त गंभीर आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पीएफओए नावाचं रसायन उंदराच्या मादीच्या शरीरातून काही तासांत बाहेर पडतं. माणसाच्या रक्तातलं तेच रसायन निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षं लागतात. टेस्ट एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉडक्शन यांत एवढा फरक असेल तर 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणण्याला काय अर्थ आहे?

पीएफओएची गोष्ट सांगायलाच हवी. टेफ्लॉन बनवताना ड्युपाँट कंपनी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या कारखान्यात हे रसायन १९५१ पासून वापरत होती. ते आजूबाजूच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं. आईच्या रक्तातून ते गर्भात जातं, हे कंपनीला १९८१ सालीच कळलं होतं. ते सरकारला कळवलं नाही, असा आरोप तिथल्या पर्यावरण संस्थेने ठेवला आणि २००५ साली १ कोटी ६५ लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान लोकांनी लढलेल्या खटल्यातून एक शास्त्रज्ञांचं पॅनेल नेमलं गेलं. सुमारे ६९ हजार रहिवाशांच्या रक्ताची तपासणी झाली. २०१२ साली पॅनेलने सांगितलं, की किडनीचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी या रसायनाचा संबंध असण्याची दाट शक्यता आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला 'माणसात कॅन्सर करणारं' या पहिल्या गटात टाकलं.

१९५१ ते २०१२. एकसष्ट वर्षं. दीर्घकालीन चाचणी झाली हो शेवटी, फक्त ती थेट प्रॉडक्शनमध्ये झाली आणि पिंजऱ्यात माणसं होती.

बरं, चाचणी केली म्हणजे झालं का? तर नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची एक बडी लॅब होती. कंपन्या आपल्या औषधांची, कीटकनाशकांची चाचणी तिच्याकडून करून घ्यायच्या. १९७६ साली सरकारी तपासनीस तिथे पोचले तेव्हा जे सापडलं ते वाचून अंगावर काटा येतो. पाण्याची यंत्रणा सतत गळणारी एक खोली होती, तिला तिथले कर्मचारी 'दलदल' म्हणायचे. त्यात उंदीर मरत. मेलेल्यांच्या जागी नवे उंदीर आणून नोंदी तशाच पुढे चालवल्या जात. नोंदवहीत एक गूढ संक्षेप वारंवार यायचा, त्याचा अर्थ निघाला 'फारच कुजलेला'. १९८३ मध्ये तीन अधिकारी दोषी ठरले. चाचणीचे पैसे कंपनी देणार, लॅब कंपनी निवडणार, आणि रिपोर्ट चांगला आला नाही तर पुढचं काम दुसऱ्या लॅबला जाणार. आपल्याकडे याला फार पूर्वीपासून नाव आहे... उंदराला मांजर साक्ष.

या प्रकरणातूनच 'गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस' म्हणजे जीएलपीचे नियम जन्माला आले. प्रत्येक नोंद कोणी, कधी केली, कच्चा डेटा कुठे ठेवला, सगळ्याचा ऑडिट ट्रेल. आणि इथे भारताचा प्रवेश होतो. आपल्याकडेही जीएलपी तपासणारी राष्ट्रीय यंत्रणा आहे आणि २०११ पासून भारतातल्या जीएलपी लॅबचा डेटा ओईसीडी देशांना मान्य करावा लागतो. युरोपात २००७ पासून 'रीच' हा कायदा आहे. त्याचं सार एका ओळीत असं, की डेटा नाही तर बाजार नाही. तो डेटा तयार करण्याचं काम भारतातल्या लॅबही करतात, आणि उत्तम करतात.

आता गंमत बघा. औषधं आणि कीटकनाशकं यांना आपल्याकडे विक्रीआधी नोंदणी आणि चाचण्या लागतात. पण रंग, प्लास्टिक, कपड्यांवरचं फिनिशिंग, सोफ्यातला फोम, पॅकेजिंग यांतल्या हजारो औद्योगिक रसायनांसाठी 'रीच'सारखा सरसकट नियम आपल्याकडे नाही. २०२० साली तशा नियमांचा मसुदा फिरू लागला, आणि पुढची पाच वर्षं तो मसुदाच राहिला. म्हणजे युरोपच्या ग्राहकासाठी टेस्टिंग आपण इथे ऑफशोअर करून देतो आणि आपल्या स्वतःच्या घरात तोच माल विदाउट टेस्टिंग रिलीज करतो. पुण्या-बंगलोरच्या आयटीवाल्यांना हे मॉडेल वेगळं समजावून सांगायला नको.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, लहान उद्योग मरतील. दोन, लाखो प्राणी मरतील. दोन्ही खरे आहेत, पण दोन्हींवर उपाय आहेत. 'रीच'मध्ये वर्षाला एक टन, दहा, शंभर, हजार टन अशा पायऱ्या आहेत. माल जितका जास्त तितकी चाचणी खोल. दोन वर्षांची चाचणी सगळ्यात वरच्या पायरीवर, तीही गरज असेल तरच. शिवाय एकाने प्राण्यावर केलेली चाचणी दुसऱ्याने पुन्हा करायची नाही, डेटा वाटून घ्यायचा, असं बंधन आहे. म्हणजे भारताला शून्यातून सुरुवात करायची गरजच नाही. जो डेटा युरोपला देऊन झालाय, तोच इथे द्या. एकही जास्तीचा उंदीर न मारता निम्मं काम होईल.

आणि सगळं तपासूनही काही निसटणार, हे मान्य करू. डायक्लोफेनॅक गुरांना चाललं, माणसांना चाललं. पण त्याचा अंश असलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, हे २००४ साली कळलं. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची नव्व्याण्णव टक्के गिधाडं गेली होती. २००६ साली गुरांसाठी ते बंद झालं. युनिट टेस्ट सगळ्या पास, इंटिग्रेशन टेस्ट कोणी केलीच नव्हती. म्हणून बाजारात आल्यावरही नजर ठेवणारी यंत्रणा हवी आणि नवा पुरावा आल्यावर जुनी परवानगी मागे घ्यायची हिंमत हवी. बीपीएचंच घ्या. रोज किती चालेल याची मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये २०१५ च्या तुलनेत २० हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या संस्थेने त्यावर जाहीर मतभेद नोंदवला. एवढा मोठा वाद, पण सगळा उघड्यावर. कोणी कुठला अभ्यास का धरला, का सोडला, हे तुम्ही-आम्ही वाचू शकतो. मला हेवा वाटतो तो या उघडेपणाचा.

आपण काय करतो? महागडी स्टीलची बाटली घेतो, ऑर्गॅनिक भाजी मागवतो, 'बीपीए-फ्री' वाचून बाळाची बाटली उचलतो. त्यात वाईट काही नाही. पण बीपीए काढून त्या जागी काय घातलं, ते कोणी तपासलं, हे त्या लेबलवर नसतं. अनेक ठिकाणी त्याचाच चुलतभाऊ बीपीएस आला, ज्याच्याबद्दल माहिती आणखीनच कमी होती. लेबल वाचणं म्हणजे चाचणी नव्हे. आणि स्टीलची बाटली घेऊ न शकणाऱ्याचं काय? प्यायच्या पाण्याला क्रेडिट कार्डाची लिमिट कळत नाही.

माझं म्हणणं तीन ओळींत. भरपूर प्रमाणात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रसायनाचा डेटा विक्रीआधी हवा. पैसे कंपनीनेच भरावेत, पण लॅब कंपनीने निवडू नये. आणि रिपोर्टचा सारांश, पास असो वा नापास, सगळ्यांना वाचता यावा. यातलं तिसरं काम सगळ्यात स्वस्त आहे आणि सर्वात जास्त विरोध त्यालाच होईल, कारण पीएफओएच्या वेळी माहितीची कमतरता नव्हती, माहिती कुलपात होती.

असो. सोमवारी ऑफिसात एखादा मॅनेजर 'टेस्टिंगला वेळ नाही, तसंच पाठवून देऊ' म्हणेल तेव्हा आपण सगळे त्याला तावातावाने विरोध करू. तेवढाच ताव जरा आपल्या खासदारासमोरही दाखवायला काय हरकत आहे? तो मसुदा कुठे अडलाय, एवढं विचारलं तरी पुरे.