जमिनीखालचे स्वावलंबन

२०२५ सालच्या मे महिन्याची सात तारीख पुणेकर अद्याप विसरले नसतील. त्या दिवशी केंद्रीय गृहखात्याच्या आदेशावरून देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत युद्धप्रसंगीच्या बचावाचा सराव झाला, आणि त्या यादीत मुंबई, ठाणे, नाशिक यांच्या जोडीला आपल्या शहराचेही नाव होते. भोंगे वाजले, स्वयंसेवकांनी जखमींची सोंगे घेतली, बघ्यांनी त्यांची छायाचित्रे टिपली आणि सायंकाळी सारे शहर आपापल्या चहाला लागले. याच दिवशी पहाटेपासून जम्मूकडील पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचे खरेखुरे गोळे कोसळत होते. तेथे भोंग्याची वाट पाहण्यास कोणाला सवड नव्हती. बाजारपेठ, घरे, प्रार्थनास्थळे यांपैकी काहीच वगळले गेले नाही. दहाहून अधिक नागरिक त्या एका शहरात प्राणांस मुकले आणि त्यांत अजाण बालकेही होती. सीमेलगतच्या खेड्यांतून सरकारने बंकर बांधले होते. परंतु खुद्द पूंछ शहरात सामान्य माणसाने धाव घ्यावी असा जमिनीखालचा निवारा जवळजवळ नव्हताच. गोळे शहरापर्यंत येणार नाहीत, असे गृहीत धरण्यात आले होते.

या घटनेतून आपल्याकडील सुशिक्षित वर्गाने काय बोध घेतला? पूंछच्या नागरिकांना निवारा कधी मिळणार, हा प्रश्न त्याने विचारल्याचे आम्हांस आढळले नाही. त्याऐवजी 'आपल्यासाठी असे एखादे भुयार बांधता येईल काय' ही चर्चा मात्र दिवाणखान्यांतून रंगू लागली. अमेरिकेतील भूमिगत घरांच्या चित्रफिती आता घरोघरी पाहिल्या जातात. पोलादी दरवाजे, पाच वर्षांचे डबाबंद अन्न, हवा गाळणारी यंत्रे, दिव्यांच्या उजेडात वाढणारी भाजी, आणि या सर्वांवर 'स्वावलंबी जीवन' अशी पाटी! मुळशीकडे जमीन घेऊन ठेवलेल्या एका सद्गृहस्थांनी तर परवा आम्हांलाच विचारले की, असे घर किती हात खोल असावे? मुळशीचा पाऊस ज्याने एकदा तरी अंगावर घेतला आहे, त्याने हा प्रश्न विचारावा याचे आम्हांला नवल वाटले.

भूमिगत घर हे मुळातच वेडगळपणाचे लक्षण आहे असे आम्ही म्हणत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावी कित्येक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या टेकडीच्या पोटात राहतात. बाहेर उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांची काहिली असताना त्यांच्या खोल्यांत सुखद गारवा असतो. तेथे पाऊस जवळजवळ नाही आणि खडक मऊ पण टिकाऊ आहे, म्हणून ते घर शहाणपणाचे ठरले. जमिनीखालची सुरक्षितता ही त्या त्या जमिनीवर आणि त्या त्या संकटावर अवलंबून असते. ती बाजारातून विकत आणून कोठेही पुरता येत नाही. चीनमधील शान्शी प्रांतात लोक मऊ पिवळ्या मातीच्या कड्यांत गुहा खोदून राहत. उन्हाळा-हिवाळा दोन्ही ऋतूंत त्या गुहांसारखे घर नाही, असा त्यांचा अनुभव होता. १५५६ सालच्या जानेवारीत तेथे भूकंप झाला आणि ते कडे आतील माणसांसह खाली आले. सुमारे आठ लाख तीस हजार माणसे त्या आपत्तीत दगावली असे मानतात. इतिहासाला ज्ञात असलेला हा सर्वांत प्राणघातक भूकंप होय.

आपल्या किल्लारीची कथा थोडी निराळी, परंतु याच जातीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतून जी हजारो माणसे मेली, ती बहुतांशी आपल्याच घराच्या वजनाखाली मेली. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे भारी माळवद, हे घर उन्हापासून आणि चोरापासून रक्षण करी. भिंत जितकी जाड तितके घर भक्कम, ही त्यामागची समजूत होती. जमीन हलली तेव्हा त्या भक्कमपणानेच घात केला. अभियंत्याने हिशेबाने बांधलेली भूमिगत वास्तू भूकंपात उभी राहू शकते, हे आम्ही जाणतो. पण हिशेब हा शब्द महत्त्वाचा आहे. डोक्यावर चार हात माती घेऊन निजणाऱ्याने आपला जीव भिंतीच्या जाडीवर सोडून चालत नाही.

आणि पाण्याचे काय? महाराष्ट्राला जमिनीखालच्या साठवणीचा अनुभव काही आज आलेला नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. तेथील मातीचा गुणच असा की, खोल पेवात भरून तोंड बंद केलेली हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राहावी. पेव उघडल्यावर कोणी शहाणा माणूस तत्काळ आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा जीवघेणी असते, म्हणून ती निघून जाईपर्यंत थांबायचे, हे ज्ञान तेथील हमालाला होते; चित्रफिती पाहणाऱ्यांना असेलच असे नाही. अशी ही पेवे २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरात बुडाली, ढासळली आणि एका पिढीजात व्यवसायाची घडी विस्कटली. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणीच्या तळघरातील वाचनालयात रस्त्यावरचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या तळघराला मंजुरी होती ती सामान ठेवण्यापुरती. मुंबईत २६ मे २०२५ रोजी वरळीचे भुयारी मेट्रोस्थानक, उद्घाटनाला तीन आठवडेही झाले नसताना, पहिल्याच मोठ्या पावसात जलमय झाले. त्या स्थानकाला आचार्य अत्रे चौकाचे नाव आहे. अत्रे असते तर त्यांनी त्या दिवशी संबंधितांचे काय केले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. एका महानगराच्या यंत्रणेला जे पाणी अडवता आले नाही, ते मुळशीच्या एका खासगी भुयाराचा मालक बादलीने उपसणार आहे काय?

तथापि या सर्व गोष्टी उत्तम अभियंता, भरपूर पैसा आणि योग्य जमीन यांच्या योगे टाळता येतील, असे क्षणभर धरून चालू. तरीही आमचा मुख्य आक्षेप शिल्लक राहतोच. तो आहे 'स्वावलंबन' या शब्दाला. हा शब्द या देशात गांधीजी आणि विनोबांनी रुजवला, आणि त्यांच्या मुखी तो गावाचा होता. गावाने आपले अन्न, आपले वस्त्र, आपला न्याय आपण पाहावा, हा त्याचा अर्थ. चार माणसांनी लोखंडी दार लावून आत बसावे आणि बाहेरच्या गावाचे काय होते ते भिंतीवरच्या पडद्यावर पाहावे, हा अर्थ त्याला कोणी दिला? त्या बंद घरातील हवा विजेवर चालणाऱ्या पंख्याने येते, वीज डिझेलवर चालते, डिझेल खनिज तेलाच्या कारखान्यातून येते, डबे बाजारातून येतात आणि गाळणी बिघडली की तिचा सुटा भाग परदेशातून मागवावा लागतो. ज्या समाजापासून पळून जायचे, त्याच्याच श्रमाचा साठा करून त्याला स्वावलंबन म्हणायचे, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात अण्वस्त्राचे क्षेपणास्त्र ठेवण्यासाठी खोदलेल्या विवरात पंधरा मजल्यांची घरे बांधून विकण्यात आली. पूर्ण मजल्याची किंमत तीस लक्ष डॉलर. आत पोहण्याचा तलावही आहे. सरकारने जनतेच्या पैशाने खोदलेले विवर, आणि त्याच्या दारावर जनतेला अडविण्यासाठी सशस्त्र पहारा! यावर अधिक भाष्य करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

हा पहारा कोणाविरुद्ध असतो, हे अमेरिकेने १९६१ सालीच स्पष्टपणे बोलून दाखवले आहे. त्या वर्षी बर्लिनचा पेच चिघळला आणि २५ जुलैला अध्यक्ष केनेडी यांनी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात अणुहल्ल्यापासून बचावाच्या निवाऱ्यांचा विषय काढला. लोकांनी अंगणे खोदण्यास प्रारंभ केला. मग साहजिकच प्रश्न आला: आपल्या कुटुंबापुरती जागा आहे आणि शेजारी दार ठोठावतो आहे, तर काय करावे? मॅक्ह्यू नावाच्या एका जेझुइट धर्मगुरूने त्या सप्टेंबरात एका धार्मिक साप्ताहिकातून निर्वाळा दिला की, घुसू पाहणाऱ्या शेजाऱ्याला बळाने हाकलून लावणे हे पाप नव्हे. इतर धर्मगुरूंनी त्याचा कडक निषेध केला. पण आमच्या मते मॅक्ह्यू यांचे उपकारच मानले पाहिजेत. खासगी भुयाराचा जो आडाखा असतो, तो त्यांनी लपवला नाही.

केनेडींच्या त्या भाषणापूर्वी बरोबर तेरा दिवस, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटून पुणे शहर बुडाले होते. त्या दिवशी नदीकाठच्या पेठांत कोणी तळघरात दडून बसला असता तर त्याचे काय झाले असते, हे सांगावयास नको. लोक वाचले ते उंचावर पळून. कोणी पर्वती गाठली, कोणी ओळखीच्याच्या तर कोणी अनोळखी माणसाच्या माडीवर चढला. आदल्या रात्री त्या खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचणाऱ्या जवानांनी धरण काही तास अधिक टिकवून धरले नसते, तर पाणी शहर झोपेत असतानाच आले असते. ज्यांची घरे गेली त्यांना पुढचे कित्येक दिवस इतरांनी जेवू घातले. आजही जुनी माणसे त्या दिवसाची आठवण सांगताना कोणाच्या दारात आसरा मिळाला ते आधी सांगतात.

मग जमिनीखालचे निवारे नकोतच काय? हवेत, आणि ते कसे असावेत याचा धडा स्वित्झर्लंडने घालून दिलेला आहे. या चिमुकल्या देशाने १९६३ साली कायदा करून प्रत्येक रहिवाशाला निवाऱ्यात जागा मिळाली पाहिजे असे ठरविले. घर बांधणाऱ्याने तळात निवारा बांधायचा, नाहीतर सार्वजनिक निवाऱ्यासाठी ठरलेली रक्कम भरायची. आज तेथे सुमारे नव्वद लक्ष जागा आहेत, म्हणजे लोकसंख्येइतक्या. श्रीमंताला एक आणि त्याच्या मोलकरणीलाही एक. शांततेच्या काळात तेथे दारूच्या बाटल्या आणि बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात, आणि स्विस माणूस त्याबद्दल स्वतःचीच थट्टा करतो. २०११ साली हे बंधन काढून टाकण्याची भाषा तेथील संसदेत सुरू झाली होती. इतक्यात फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि ते कायम राहिले. स्विसांनाही सारेच साधले असे नाही. लुत्सेर्न येथे एका महामार्गाच्या बोगद्यात त्यांनी १९७६ साली वीस हजार माणसांचा निवारा केला. १९८७ साली त्याची परीक्षा घेतली, तेव्हा शेकडो टन वजनाच्या दारांपैकी एक नीट बंद होईना आणि खाटा मांडता मांडता कार्यकर्ते थकून गेले. पण त्यांनी परीक्षा घेतली, निकाल जाहीर होऊ दिला आणि नंतर तो निवारा लहान केला. सरावाचा खरा उपयोग असा असतो.

आता आपल्याकडे वळू. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने जम्मू, सांबा, कठुआ, राजौरी आणि पूंछ या जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर केले. खर्च सुमारे ४१६ कोटी रुपये. कुटुंबाचा बंकर १६० चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी; सामुदायिक बंकर ८०० चौरस फुटांचा, चाळीस माणसांसाठी. तलाव नाही, पडदा नाही. चार काँक्रीटच्या भिंती आणि वर जाड छत. ज्या गावांत ते झाले, तेथे त्यांनी प्राण वाचवले याबद्दल गावकरी कृतज्ञ आहेत. या देशात जमिनीखालच्या घराची खरी निकड कोणाला असेल तर ती या शेतकऱ्यांना आणि पूंछ-उरीच्या दुकानदारांना आहे, हौसेने भविष्याची भीती बाळगणाऱ्या आम्हा शहरवासीयांना नव्हे. असे असता मंजूर झालेल्या बंकरांची संख्या तेवढी दर वेळी सांगितली जाते. त्यांपैकी किती पुरे झाले, कितींत पावसाचे पाणी साचते, कितींच्या किल्ल्या कोणापाशी असतात, हे सामान्य माणसाला कळत नाही. सीमेलगतच्या शहरांसाठी काय योजना आहे, हेही कळत नाही. १० मे २०२५ रोजी तोफा थांबल्या, आणि तोफा थांबल्या की फायली थांबतात हा आपल्याकडील जुना रिवाज आहे.

आपल्या शहराचे प्रश्न याहून साधे आहेत आणि म्हणूनच ते टाळण्यास सबब नाही. पुण्याला भुयारांची गरज नाही. निळ्या पूररेषेच्या आत नवे बांधकाम होऊ न देणे, धरणातून पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठच्या वस्तीला वेळेवर सांगणे, आणि वाहने व सामान यांसाठी मंजूर झालेल्या तळघरांत शिकवण्या, दवाखाने, अभ्यासिका चालतात त्यांची मोजदाद करणे, एवढे महापालिकेने केले तरी अनेक जीव वाचतील. ही मोजदाद पुढच्या पावसाळ्याआधी होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

केंद्र सरकारकडे मात्र आमची एक मागणी आहे. १४,४६० बंकरांची गाववार यादी त्याने प्रसिद्ध करावी: कोणता पुरा झाला, कोणता अर्धवट आहे, कोणता वापरण्याजोगा नाही, आणि पूंछ, राजौरी व उरी या शहरांत किती माणसांमागे किती जागा आहेत. सैन्याची गुपिते त्यात नाहीत. ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांना त्यांची जागा ठाऊक असलीच पाहिजे. ही यादी कितीही लांब असली तरी ती छापण्यास आमच्या पहिल्या पानावर जागा आहे.