वेरूळच्या गिलाव्यातील भांग आणि पिंपरीची माती

वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडले, ही वार्ता २०१६ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून समाजमाध्यमांवर ती अधूनमधून नव्याने सापडत असते. मूळ निबंध राजदेव सिंह व एम. एम. सरदेसाई यांचा. सिंह हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञ होते, तर सरदेसाई येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ. 'करंट सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला. १२ व्या लेण्यातील, म्हणजे 'तीन ताल' या तीन मजली बौद्ध लेण्यातील, गिलाव्याचे नमुने त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मातीत भांगेचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते.

निबंधाचे म्हणणे मोजके आहे. भांगेचा तंतू चिवट असतो, गिलावा बांधून ठेवतो, दमटपणा सहन करतो आणि या झाडापासून कीटक दूर राहतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही, आणि तेथील चित्रांचा जवळजवळ चतुर्थांश भाग कसरीसारख्या किडींनी खाल्ला, असा सिंह यांचा अंदाज आहे. वेरूळला तसा उपद्रव दिसत नाही. शतकानुशतके टिकलेल्या गिलाव्याचा हा उलगडा मला अत्यंत मोहक वाटतो. कोणत्या अनामिक गवंड्याने हे मिश्रण प्रथम करून पाहिले असेल?

पण वार्ता फिरता फिरता कसरीच्या जागी जंतू आले, भिंतीच्या जागी शरीर आले, आणि आता निष्कर्ष असा सांगितला जातो की पूर्वजांपाशी नैसर्गिक प्रतिजैविक होते, सबब 'केमिकल'च्या गोळ्या सोडाव्यात. माझा आक्षेप या उडीला आहे. कसर हा कीटक आहे, जिवाणू नव्हे. आणि भिंतीला यकृत नसते, मूत्रपिंड नसते, रक्तप्रवाह नसतो.

भांगेत जिवाणुनाशक गुण मुळीच नाहीत असे नव्हे. २००८ साली जोव्हानी अपेन्दिनो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की भांगेतील पाच प्रमुख द्रव्ये मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूलाही प्रयोगशाळेतील बशीत मारतात. मात्र क्लेब्सिएला, ई. कोलाय यांसारख्या ज्या जिवाणूंनी आपल्या अतिदक्षता विभागांची झोप उडवली आहे, त्यांना एक जादा बाह्य आवरण असते आणि तेथे ही द्रव्ये बहुतेक वेळा अडतात. बशीपासून रुग्णाच्या रक्तापर्यंतचा प्रवास लांबचा आहे. त्यात मात्रा ठरवावी लागते, विषारीपणा तपासावा लागतो. हळद, कडुनिंब, लसूण यांनाही हेच लागू पडते. स्वयंपाकघरातील त्यांचे स्थान अबाधित आहे. न्यूमोनियात ती पर्याय नाहीत.

मुळात 'नैसर्गिक विरुद्ध रासायनिक' हा वादच इतिहासाला धरून नाही. पेनिसिलिन ही बुरशीची निर्मिती, स्ट्रेप्टोमायसिन मातीतील जिवाणूची. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने 'हॅमायसिन' हे बुरशीविरोधी औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची नोंदली गेली: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. निसर्गातून औषध मिळवण्याचे याहून अस्सल मराठी उदाहरण मला माहीत नाही, आणि ते कुठल्याही अग्रेषित संदेशात मी पाहिलेले नाही.

प्रतिरोधही तितकाच नैसर्गिक आणि तितकाच पुरातन. अमेरिकेतील लेचुगिया गुहेचा एक भाग चाळीस लाख वर्षे बाहेरच्या जगापासून तुटलेला होता. तेथील जिवाणूही आजच्या अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, असे २०१२ साली आढळले. सूक्ष्मजीव एकमेकांवर ही शस्त्रे युगानुयुगे चालवत आले आहेत. आपण केले ते एवढेच की शस्त्र बेसुमार आणि अर्धवट चालवून प्रतिरोधी वाणांना मोकळे रान दिले. वनस्पतीचा अर्कही यातून सुटत नाही: आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे वनस्पतिजन्य औषध एकेकटे देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेला २००६ साली बजावावे लागले, कारण परजीवी त्यालाही सरावण्याची भीती होती.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता. त्याचा पुरावा पाहायला लंडनला जायला नको. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पुन्हा विचारणा केली: १०६ डॉक्टर, ६३ औषधयोजना, त्यांपैकी बिनचूक चिठ्ठी लिहिणारे अवघे सहा. आणि २०११ च्या अखेरीस याच उदवाडियांच्या चमूने हिंदुजा रुग्णालयातील चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली, ज्यांच्या क्षयजंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. त्या रुग्णांना आधी मिळालेल्या चिठ्ठ्यांचा इतिहास त्या हकिगतीत वाचण्याजोगा आहे. एकेक नवे औषध चालू उपचारात नुसते वाढवत नेले होते, तेही चुकीच्या मात्रेत.

म्हणून पूर्वजांच्या गौरवाशी माझे भांडण नाही. लक्ष भलतीकडे वळवण्याशी आहे. 'एच-१' अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्यातील औषध विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. आपल्या गल्लीतील दुकानात ती वही आहे का, हे किती जणांनी विचारले? आणि सर्दीसाठी, जी बहुधा विषाणूंमुळे होते, चिठ्ठीविना दोन दिवसांच्या गोळ्या मागणारे आपणच असतो.

सरकारकडे मागायचेच असेल तर तालुक्याच्या रुग्णालयातील लघवीचा वा थुंकीचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचावा, आणि कोणते औषध चालेल याचा अहवाल दोन-तीन दिवसांत, रुग्ण खाटेवर असतानाच, डॉक्टरांच्या हाती यावा, हे मागा.