अठरा नख्या

आमची मांजर चिंगी पुढचा डावा पाय उचलून धरतेय, हे पत्नीने मला दोन दिवस आधीच सांगितलं होतं. काहीतरी टोचलं असेल, चाटून बरं करेल, असं मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाण्याच्या ताटलीपर्यंत तीन पायांवर आली. तेव्हा तिला मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि पंजा उलटा करून पाहिला. अंगठ्याची नखी पूर्ण गोल फिरून तळव्याच्या मऊ गादीत घुसली होती. भोवती पू धरला होता.

चिंगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि या तेरा वर्षांत मी तिची एकही नखी नीट पाहिलेली नव्हती. सातपूरच्या एका कारखान्यात 31 वर्षं मी टूलरूममध्ये काढली. कुठल्या धारेची किती झीज झाली, हे बोटाच्या स्पर्शावरून सांगणं हेच माझं काम होतं. फरशीवर तिच्या चालण्याचा टक टक आवाज वर्षभर येत होता, तोही मी ऐकत होतो. तरुण मांजर चालतं तेव्हा असा आवाज येत नाही. तो आवाज काय सांगतोय, हे मला कळायला हवं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांनी तिला गुंगी दिली, नखी कापली, रुतलेलं टोक गादीतून बाहेर काढलं. आठवडाभर औषध चाललं. त्या दिवशी निघताना त्यांनी मला उजवा पंजा दाखवला. तिथली अंगठ्याची नखीही गादीला टेकायला आली होती. ती त्यांनी माझ्याच हाताने कापून घेतली. त्या पाच मिनिटांत मी जे शिकलो, ते मांजर घरी आणलं त्या दिवशी कुणी शिकवलं असतं तर चिंगीचा तो त्रास वाचला असता. म्हणून हे लिहितो आहे.

चांदवड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात कायम चार-पाच मांजरं असायची. त्यांची नखं कापायची असतात, असं तिथे कुणी म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं. मांजर सकाळी उठलं की बाभळीच्या बुंध्याला पुढचे पाय लावून ताणून घ्यायचं आणि खसाखसा नख्या ओढायचं. नखी थरांनी वाढते. वरचं जुनं टरफल त्या ओरखड्यात निघून जातं आणि खालून नवी टोकदार नखी येते. मग दिवसभर झाडावर, भिंतीवर, कणग्यांच्या मागे उंदरांच्या पाठी धावाधाव. वाढ आणि झीज यांचा हिशोब तिथे आपोआप जुळत होता.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना जाळ्या आहेत आणि खाली गुळगुळीत फरशी. जाळ्या आम्हीच लावल्या, तिच्या जिवासाठी लावल्या, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पण जाळी लावली त्या दिवशी झीज थांबली. वाढ चालूच राहिली. त्यात म्हातारपणी सांधे दुखायला लागले की मांजर अंग ताणून ओरखडणं कमी करतं, टरफलं निघत नाहीत आणि नख्या जाड होत जातात. पुढच्या पायाचा अंगठा तर चालताना जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे त्याची नखी सगळ्यांत आधी वळते. पुढच्या प्रत्येक पायाला पाच, मागच्या प्रत्येकाला चार, अशा साधारण अठरा नख्या असतात. मांजराला घरात कोंडायचं आपण ठरवलं असेल, तर या अठरांची काळजीही आपल्याकडेच आली, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगणात, रानात फिरणाऱ्या मांजराची नखं मात्र कापू नयेत. कुत्रं मागे लागलं तर झाडावर चढायला त्याच्याकडे तेवढंच असतं.

आता हत्याराविषयी, कारण ते माझं क्षेत्र. घरातलं आपलं नेलकटर मोठ्या मांजरासाठी वापरू नका. आपलं नख चपटं, मांजराची नखी दोन्ही बाजूंनी दाबलेल्या आकड्यासारखी. आपल्या कटरमध्ये ती चेपते आणि उभी चिरते. मांजरांसाठी छोटी कात्री मिळते, तिच्या दोन्ही पात्यांना अर्धगोल खाच असते. ती घ्या आणि धार गेली की बदला. बोथट धार आधी दाबते, मग कापते, आणि मांजराला दुखतं ते त्या दाबाने.

नखी बाहेर आणायला जोर लागत नाही. आराम असताना ती एका लवचीक बंधाने आपोआप आत ओढलेली राहते. मांजराला हवी असते तेव्हा स्नायू ओढून ते ती बाहेर काढतं. बोटाच्या वर आपला अंगठा आणि खाली गादीवर तर्जनी ठेवून हलकेच दाबलं की ती अलगद पुढे सरकते. इतकी सुबक रचना मी कुठल्याही यंत्रात पाहिली नाही. ती उजेडात धरा. मांजराची नखी बहुतेक वेळा अर्धपारदर्शक असते, त्यामुळे आतला गुलाबी भाग दिसतो. तो जिवंत भाग, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा आहेत. त्याच्या पुढे निदान दोन मिलिमीटर सोडून फक्त टोकाचा आकडा कापायचा. नखी काळपट असेल आणि काही दिसत नसेल, तर अगदी टोकच. चुकून रक्त आलंच तर स्वच्छ कापसावर कॉर्नफ्लोअर घेऊन दोन-तीन मिनिटं दाबून धरा. बहुतेक वेळा तेवढ्यात थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टर.

खरी अडचण हत्याराची नसतेच, धरण्याची असते. मांजराला टॉवेलात आवळून, एकाने मान पकडायची, दुसऱ्याने पाय, आणि अठराच्या अठरा एका दमात उरकायच्या, ही पद्धत मी पाहिली आहे. ती मला साफ नामंजूर आहे. त्या दिवशी नखं कापली जातात आणि पुढच्या वेळी कात्री दिसताच मांजर पलंगाखाली जातं. मग लोक म्हणतात, आमचं मांजर कापूच देत नाही. त्याला ते कुणी शिकवलं?

आम्ही चिंगीला पहिला आठवडा फक्त पंजा हातात घ्यायची सवय लावली. दुपारी जेवणानंतर ती खिडकीत पेंगायची तेव्हा. पंजा धरायचा, एक नखी दाबून बाहेर काढायची, सोडून द्यायची, उकडलेल्या चिकनचा एवढासा तुकडा द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात कात्री शेजारी ठेवली. मग एक दिवस एक नखी कापली आणि तिथेच थांबलो. तिने पाय ओढला की मी सोडतो, हे तिला कळायला महिना लागला. त्यानंतर तिने पाय ओढणं जवळजवळ बंद केलं. अजूनही मी एका वेळी तीन-चार नख्यांच्या पुढे जात नाही. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते, आणि अंगठे मी दर रविवारी बघतो. पिल्लू असेल तर हे सगळं कितीतरी लवकर होतं. पिल्लाचे पंजे रोज हातात घ्या, एवढंच सुरुवातीला पुरे.

ओरखडण्याचा हक्कही तिला परत दिला. जुन्या टेबलाचा एक भक्कम पाय घेतला, फळीवर उभा ठोकला, त्यावर काथ्याचा दोर घट्ट गुंडाळला. मांजराच्या पंजांत गंधग्रंथी असतात, ओरखडून ते आपल्या जागेवर आपला वास ठेवतं. त्यामुळे नखं कापली म्हणून ओरखडणं थांबत नाही आणि थांबवूही नये. सोफा वाचवायचा असेल तर असा खांब सोफ्याच्या शेजारीच ठेवा.

सोफ्यावरून आठवलं. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने मला विचारलं, ऑपरेशन करून नख्या कायमच्याच काढता येतात का? मी त्यांना समोर बसवून सांगितलं. मांजराची नखी बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवते. ती कायमची काढायची म्हणजे ते हाडच छाटायचं. आपल्या दहाही बोटांची शेवटची पेरं कुणी कापून टाकावीत, तसं. इस्रायलने यावर 2011 मध्ये बंदी घातली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये. जनावराचं अंग छाटून त्याला विद्रूप करणं आपल्या 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. सोफ्यासाठी हे मनात आणणंसुद्धा मला क्रूर वाटतं. त्या घरातली मुलगी आता मांजराची नखं स्वतः कापते.

आणखी एक. नखं कापली म्हणजे ओरखड्याची भीती गेली, असं समजू नका. मांजराचं रेबीजचं लसीकरण वेळच्या वेळी व्हायलाच हवं. ओरखड्याने कातडी फाटली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा.

माझं मागणं साधं आहे. जे कुणाला मांजर दत्तक देतात, त्यांनी त्याच दिवशी एक नखी कापून दाखवावी. जनावरांच्या डॉक्टरांनी लस टोचताना मालकाच्या हाताने एक नखी कापून घ्यावी. दर वेळी पिंजऱ्यात घालून, रिक्षाच्या आवाजात, अनोळखी कुत्र्यांच्या वासात मांजराला दवाखान्यात नेण्यापेक्षा हे काम त्याच्या खिडकीत, त्याच्या माणसाच्या मांडीवर व्हावं. मांजर फारच बिथरणारं असेल, नखी रुतली असेल किंवा पंजा सुजला असेल, तर मात्र घरी हात लावू नका.

चिंगी आता पंधरा वर्षांची आहे आणि चारही पायांवर चालते. तुमच्या घरात म्हातारं मांजर असेल, तर आज रात्री ते झोपलं की पुढच्या दोन्ही पंजांची आतली बाजू उजेडात बघा. अंगठ्याची नखी तिथे केसांत लपलेली असते.