नीट कागदावर की संगणकावर? आपल्या मुलांच्या बाजूने पाहू

वैद्यकीय प्रवेशाची नीट-यूजी परीक्षा ओएमआर पत्रिकेवरच ठेवायची की जेईई मेनप्रमाणे संगणकावर घ्यायची, हा वाद २०२४ च्या पेपरफुटीनंतर पुन्हा पेटला. चर्चेत कोचिंग क्लासचे संचालक बोलतात, तज्ज्ञ बोलतात, शहरी पालक बोलतात. येरवडा, दापोडी, ताडीवाला रोड, रामटेकडी इथल्या घरांतून पहिला डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे काय, हे मात्र कोणी विचारत नाही. पुण्यातल्या वस्त्यांत काम करताना आम्हाला हाच प्रश्न पहिला दिसतो.

महाराष्ट्रात जीवशास्त्र घेतलेली बरीच मुले दोन्ही पद्धती एकाच उन्हाळ्यात अनुभवतात. फार्मसी आणि कृषीसाठीची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. नीट मात्र २०२५ मध्येही पेन आणि कागदावरच झाली. सीईटीत चुकलेल्या उत्तराचा गुण कापला जात नाही. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. इथे एक गोळा चुकीच्या रांगेत भरला गेला तर पुढची सगळी उत्तरे सरकू शकतात, आणि पेनाने भरलेला गोळा पुसता येत नाही. संगणकावर ही भीती नाही. उत्तर शेवटच्या मिनिटापर्यंत बदलता येते, उरलेला वेळ समोर दिसतो. उलट कागदावर प्रश्नाच्या शेजारीच कच्चे काम करता येते, पाने मागे-पुढे उलटता येतात आणि प्रश्नपुस्तिका घरी नेता येते.

म्हणजे दोन्हींत सोयही आहे आणि गैरसोयही. फरक पडतो तो सरावाचा. महागड्या क्लासमध्ये वर्षभर संगणकावर चाचण्या देणाऱ्या मुलाला परीक्षेची खोली ओळखीची वाटते. घरातला एकच मोबाइल भावंडांसोबत वाटून घेणारी मुलगी आकृत्या आणि लांबलचक प्रश्न मोठ्या पडद्यावर बहुधा पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशीच वाचते. तिच्या अभ्यासात काही कमी नसते, कमी असते ती सवय.

संगणकाची बाजू घेणारे पेपरफुटीकडे बोट दाखवतात आणि ते खोटे नाही. ५ मे २०२४ ची नीट २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. हजारीबाग आणि पाटणा इथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. मात्र संपूर्ण परीक्षा रद्द करण्याइतका तो व्यापक नसल्याचे सांगितले. लातूरमध्येही गुन्हा नोंदला गेला. छपाईखाना, ट्रक, बँकेची तिजोरी, केंद्र या वाटेवर कागद कुठेही उघडला जाऊ शकतो. पुण्याला हे नवे नाही. २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी आरोग्य विभाग आणि म्हाडा भरतीची पेपरफुटी आणि टीईटीतील गुणांची फिरवाफिरवी उघड केली. टीईटीत तर साडेसात हजारांहून अधिक उमेदवार दोषी ठरवले गेले.

पण संगणक म्हणजे तिजोरी नव्हे. २०२१ मध्ये जेईई मेनच्या हरियाणातील सोनिपत येथील केंद्रावर दुसरीकडे बसून परीक्षार्थीचा संगणक चालवल्याचे सीबीआयच्या तपासात पुढे आले. त्या प्रकरणात पुढे एका रशियन नागरिकालाही अटक झाली. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच सीईटीत गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षेला बोलवावे लागले. कागदाची चोरी वाटेत होते, संगणकाची केंद्रात. दोन्हीकडे चोरी करणारा पैसेवालाच असतो आणि फेरपरीक्षेचा भुर्दंड प्रामाणिक मुलांवर पडतो. पुन्हा प्रवासाचा खर्च आणि पालकांची बुडालेली रोजी त्या भुर्दंडात धरलीच जात नाही.

खरी अडचण संख्येची आहे. एका दिवशी, एका वेळी २२-२३ लाख मुलांना बसवतील इतके सुरक्षित संगणक आज देशात नाहीत. म्हणून संगणक आला की अनेक सत्रे आली, प्रत्येक सत्राला वेगळा पेपर आला आणि मग गुण समान पातळीवर आणण्याचे सूत्र, म्हणजे नॉर्मलायझेशन आले. महाराष्ट्राने त्याचा नमुना पाहिला आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत एका उमेदवाराला २०० पैकी २१४ गुण मिळाले. गणिताच्या दृष्टीने त्याचे स्पष्टीकरण देता येते, पण वस्तीतल्या बापाला ते पटवून कोण देणार? नीट-पीजीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०२५ रोजी दोन सत्रांऐवजी एकाच सत्रात परीक्षा घ्यायला सांगितले, कारण दोन पेपरांची काठिण्यपातळी कधीच तंतोतंत सारखी नसते. बी.जे. मेडिकलची जागा एखाद्या गुणाने हुकते, तिथे हा मुद्दा लहान नाही. सरकारी जागा गेली की खासगी महाविद्यालयाचे शुल्क आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर असते.

हा विचार सरकारनेही एकदा केला होता. ७ जुलै २०१८ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री, पुण्याचेच प्रकाश जावडेकर, यांनी नीट वर्षातून दोनदा आणि संगणकावर घेण्याची घोषणा केली. ग्रामीण आणि गरीब विद्यार्थ्यांची अडचण आरोग्य मंत्रालयाने मांडली आणि दीड महिन्यात निर्णय मागे घेतला गेला. ती अडचण दूर करण्यासाठी मधल्या वर्षांत काय केले, याचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही.

इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने १०१ शिफारशी केल्या. त्यात एक मधला मार्ग आहे: प्रश्नपत्रिका कुलूपबंद डिजिटल स्वरूपात केंद्रावर पाठवायची, तिथेच छापायची आणि उत्तरे ओएमआरवर घ्यायची. वाटेतली चोरी त्याने बरीच थांबेल आणि सर्वांना एकच पेपर राहील. आजच्या घडीला आमचा कौल याच मार्गाला आहे.

तरीही उद्या संगणक आलाच, तर पुढील गोष्टी आधी व्हायला हव्यात. बदल किमान दोन वर्षे आधी, म्हणजे मुले अकरावीत जाण्यापूर्वी जाहीर करावा. सरकारी शाळा आणि महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी आणि सुट्टीत सरावासाठी मोफत खुल्या कराव्यात. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या बार्टीच्या प्रशिक्षणात संगणकावरची पूर्ण तीन तासांची चाचणी नियमित घ्यावी, मराठी प्रश्नपत्रिकेसह. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे मूळ गुण, सूत्र लावल्यानंतरचे गुण आणि ते सूत्र सोप्या मराठीत मिळावे. उत्तरतालिकेवर हरकत घेण्यासाठी प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये भरावे लागतात. हरकत खरी ठरो वा न ठरो, गरीब विद्यार्थ्यांना हे शुल्क माफ असावे.

बाबासाहेबांनी शिक्षणाचा हक्क मिळवून दिला, त्याची राखण आपण करायची आहे. राखीव जागा कागदावर शाबूत राहतील, पण त्या जागेपर्यंतची वाट दर काही वर्षांनी बदलली आणि नवी वाट पैसेवाल्यांनाच आधी कळली, तर आपली मुले मागे पडतील. म्हणून समाजातील डॉक्टर, शिक्षक आणि संगणक क्षेत्रातील तरुणांना आमची विनंती आहे. विहारात अभ्यासिका चालतेच. तिथे दोन-चार जुने संगणक बसवा आणि रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा घ्या. परीक्षा कागदावर राहिली तरी तो सराव वाया जाणार नाही, सीईटी तर संगणकावरच आहे.

निर्णय दिल्लीत होईल. तो होण्याआधी वस्तीतल्या मुलीचा हात माउसवर आणि पेनावर सारखाच बसलेला असावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.