कर्जाच्या गोष्टीला मिळालेले पहिले पदक

१० ऑक्टोबर १९५४ रोजी केंद्र सरकारचे पहिले चित्रपट पुरस्कार दिल्लीत दिले गेले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र. त्याच वर्षी २१ मार्चला मुंबईच्या मेट्रो थिएटरात फिल्मफेअरचा पहिला समारंभ झाला होता. तिथे ‘दो बिघा जमीन’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. देशातले पहिले सुवर्णपदक मराठीने आणले हे आपण सत्तर वर्षे सांगत आलो आहोत, आणि सांगावेच. पण या दोन्ही चित्रपटांत एक गोष्ट सारखी आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. दोन्हींतली घरे कर्जात बुडालेली आहेत.

यवतमाळ जिल्ह्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, मला आधी तेच दिसते.

‘श्यामची आई’ म्हटले की लोकांना संस्कार आठवतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले. त्यातल्या ४२ रात्रींपैकी शेवटाकडच्या रात्री वाचून पाहा. व्याज थकते, तगादे सुरू होतात, सावकाराचा माणूस घरात येऊन बाईमाणसासमोर तोंडाला येईल ते बोलतो, गावात दवंडी पिटली जाते, जप्ती येते. आईचे शेवटचे आजारपण येते ते या सगळ्यानंतर. शाळेच्या पुस्तकातून मुलांपर्यंत पोचते ती मुलाच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आई. दवंडी ऐकणारी आई त्यांना भेटतच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मराठी शिकवत होते तेव्हा शेवटाकडच्या त्या रात्री वर्गात मुद्दाम वाचायची. मागच्या बाकांवरची पोरे, जी एरवी खिडकीबाहेर बघत असत, ती तेवढ्या वेळापुरती पुढे सरकून बसत. कशामुळे, ते मला ठाऊक होते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी कापूस होता, आणि कापूस होता म्हणजे देणेही होते.

‘दो बिघा जमीन’मधल्या शंभूचे देणे ६५ रुपयांचे. जमीनदाराच्या कागदावर ते २३५ होते. भांडी, बायकोचे दागिने विकूनही भागत नाही, मग तो कोलकात्याला जाऊन माणसांनी ओढायची रिक्षा ओढतो. शेवटी जमीन जाते. हे दोन आकडे मी शाळेतही सांगायची. ६५ चे २३५ कसे होतात हे आमच्या मुलांना गणिताच्या तासाला वेगळे शिकवावे लागत नसे.

१९५४ साली आमचा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, महाराष्ट्र राज्यच नव्हते. यवतमाळ मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. मुंबई राज्यात आम्ही आलो ते १९५६ च्या नोव्हेंबरात. त्यामुळे दिल्लीतल्या त्या पदकाची बातमी आमच्या दारव्ह्याकडच्या खेड्यांत कितपत पोचली असेल याची कल्पना करता येते. चित्रपट मात्र पोचला, थोडा उशिरा. मी लहान असताना जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. अमरावतीहून रिळांच्या पेट्या यायच्या, जनरेटरचा आवाज संवादांच्या वर चढायचा, बाया एका बाजूला आणि बाप्ये दुसऱ्या बाजूला बसायचे. ‘श्यामची आई’ मी तिथे पाहिला, माझ्या आईच्या मांडीला टेकून. वनमालाबाई पडद्यावर आल्या की आजूबाजूच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या, हे मला आठवते. परतताना बैलगाडीत आई शेजारणीला म्हणाली, “कोकनातला सावकार बी आपल्या इथल्यावानीच दिसते व माय.” शेजारीण हो म्हणाली, आणि मग दोघी आपापल्या घरच्या देण्याबद्दल बोलू लागल्या. किती, कुणाचे, कधीपासून. आमच्या घरी दादांनी बैलजोडी गहाण ठेवली होती हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले. आईने ते कधी शेजारी बोलून दाखवले नव्हते. चित्रपट पाहिल्यावर बोलली.

पुरस्कारांविषयी माझे जे म्हणणे आहे ते सगळे त्या बैलगाडीतल्या बोलण्यावर उभे आहे. कर्जाची लाज माणसाला एकटे पाडते. सावकार, बँक, कृषी केंद्राची उधारी यांतले कुठलेच देणे माणूस पारावर मोठ्याने सांगत नाही. तोच विषय गावाने एकत्र बसून पडद्यावर पाहिला की तो बोलायला मोकळा होतो.

पहिल्या फिल्मफेअरमध्ये पाचच पुरस्कार होते आणि ते वाचकांच्या मतांवर ठरले. वीस हजारांवर वाचकांनी मते पाठवली होती. म्हणजे इकडे सरकारने नेमलेली जाणती माणसे आणि तिकडे तिकीट काढून सिनेमा पाहणारी सामान्य माणसे, दोघांचीही नजर त्या वर्षी शेतकऱ्याच्या देण्यावर थांबली. असे पुन्हा किती वेळा घडले? अभिनेत्याचा मान ‘दाग’साठी दिलीपकुमारला मिळाला, अभिनेत्रीचा ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारीला. दोघेही मोठे, त्यात वाद नाही. तरी बलराज साहनींना तो मान मिळायला हवा होता असे मला आजही ठामपणे वाटते. खरोखरीची रिक्षा ओढण्याचा सराव करून, अनवाणी पायांनी धावणारा तो शंभू मी जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा कामाला शहरात गेलेली आमच्या गावची माणसे दिसतात. शंभूची बायको झालेल्या निरूपा रॉय आणि वनमालाबाई यांनाही काही मिळाले नाही. सरकारी पुरस्कारांत तेव्हा नटांसाठी जागाच नव्हती, ती १९६७ च्या चित्रपटांपासून आली. ज्या बाईने देशाला श्यामची आई दाखवली तिच्या हातात त्या आईसाठीचे पदक नाही.

लेखकांचेही तेच. १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि मंडपात अगदी मागे बसले होते. माझ्या आजूबाजूला सगळे ‘गीतरामायणा’बद्दलच बोलत होते. ज्याला १९५७ सालासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ साली बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले, त्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा याच माणसाची, ही गोष्ट त्या गर्दीत कुणाच्या तोंडून ऐकू आली नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरच्या मोकळ्या तुरुंगाचा प्रयोग झाला, त्यातून ती कथा आली. माणदेशातल्या माळावरची गोष्ट बर्लिनपर्यंत गेली, व्ही. शांतारामांचे नाव झाले, ते योग्यच. पण लिहिणाऱ्याचे नावही तितक्याच मोठ्याने घ्यायला हवे होते.

त्याच काळात ‘मदर इंडिया’ ऑस्करच्या अंतिम यादीत गेला, १९५८ साली. नामांकन मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. पुरस्कार फेलिनीच्या चित्रपटाला गेला. ‘मदर इंडिया’तही ५०० रुपयांचे कर्ज आहे, सावकार सुखीलाला आहे आणि व्याजापोटी पाऊण पीक नेणारा कागद आहे. पाच वर्षांत तीन मोठे चित्रपट, तिन्हींच्या मुळाशी सावकाराची वही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या देशाने आपली गोष्ट म्हणून जगापुढे जे ठेवले, ते हे होते.

आणि मग १९८६ च्या १९ मार्चला आमच्याच जिल्ह्यातल्या, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि त्यांची चार मुले या जगातून गेली. जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती नोंदली गेली. दरवर्षी त्या दिवशी राज्यभर लोक उपवास करतात. त्यानंतर काय काय झाले ते या वर्तमानपत्राच्या वाचकांना सांगायला नको. २००६ मध्ये पंतप्रधान आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले. २००९ मध्ये सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ केला. नवरा आत्महत्या करील या भीतीने त्याच्यावर सतत नजर ठेवणारी बायको त्यात आहे. तो आमचा चित्रपट आहे, आमच्या भाषेतला, आमच्या काळ्या मातीतला. परदेशातल्या महोत्सवांत तो गेला. आमच्या तालुक्यांत तो किती माणसांनी एकत्र बसून पाहिला?

हाच माझा आक्षेप आहे. पदके मिळतात, फोटो छापून येतात, आणि ज्यांच्यावर चित्रपट काढला त्यांच्या गावात तो येत नाही. १९५३ च्या ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा ‘श्वास’ने मिळवून दिला, पन्नास वर्षांनी. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ आले. सुजय डहाके यांच्या नव्या ‘श्यामची आई’ला २०२३ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘दो बिघा जमीन’ची नव्याने स्वच्छ केलेली प्रत २०२५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. हे वाचून मला मनापासून आनंद झाला, आणि ती प्रत घाटंजीत, राळेगावात, झरी जामणीत कधी येणार हा प्रश्नही त्याच क्षणी मनात आला.

माझी नात म्हणते, “आजी, सगळं मोबाइलवर मिळतं.” मिळते, मान्य आहे. पण मोबाइलवर माणूस एकटा पाहतो. आणि कर्ज झालेला माणूस आधीच एकटा असतो. त्याला आणखी एका एकट्याने पाहायच्या पडद्याची गरज नाही. त्याच्या शेजारी दुसरे चार देणेकरी बसलेले हवेत, त्यांच्या बायका हव्यात, आणि घरी जाताना बोलायला वेळ हवा.

२०१९ साली संमेलन पुन्हा यवतमाळला आले, तेव्हा उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली बाई. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या ‘तेरवं’ या नाटकात अशाच बायका स्वतः उभ्या राहिल्या, त्यांतल्या त्या एक. ज्या बाईच्या घरावर ही वेळ आली तीच हजारो लोकांपुढे मंचावर उभी राहून बोलली, हे मी पाहिले आहे. गावाने ऐकायचे ठरवले की बाया बोलतात.

म्हणून मागणी साधी आणि स्पष्ट आहे. राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते, तो पैसा जनतेचा आहे. अनुदान देताना अट घाला की चित्रपटगृहांतले दिवस संपल्यावर निर्माता एक प्रत आणि गावोगाव फुकट दाखवण्याची परवानगी सरकारकडे देईल. राष्ट्रीय आणि राज्य पुरस्कार मिळालेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाला हीच अट लावा. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत आता प्रोजेक्टर आहेत. पडदा नसेल तर पांढरे धोतर चालते, आमच्या लहानपणी तेच चालायचे. जिल्हा माहिती कार्यालयाने वर्षाचे वेळापत्रक काढावे आणि ते ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावे. खेळ संध्याकाळी असावा, पण वेचणीच्या ऐन गर्दीत नको, कारण त्या दिवसांत बाया थकून येतात आणि मग त्यांच्याशिवायच खेळ होतो. खेळानंतर तासभर बसायला कुणीतरी हवे. गटसचिव चालेल, बँकेचा माणूस चालेल, कर्जाच्या कागदातले कलम समजावून सांगणारा वकील मिळाला तर फारच बरे. अवैध सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे, बळकावलेली जमीन परत मागता येते, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते. हे ज्यांनी ऐकलेले नाही अशी माणसे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

सुरुवात २४ डिसेंबरला करावी. तो साने गुरुजींचा जन्मदिवस. पहिला खेळ १९५३ च्या ‘श्यामची आई’चा ठेवावा, शेवटाकडच्या जप्तीसकट, एकही प्रसंग न कापता. गाव चिलगव्हाण असावे, तिथल्या लोकांची संमती असेल तर. नसेल तर दारव्ह्यात आमच्या जुन्या शाळेचे अंगण मी मुख्याध्यापकांकडे मागून ठेवते.