जाहीरनामा आणि त्याचं गणित

नेदरलँड्समध्ये निवडणूक आली की बरेच पक्ष आपला जाहीरनामा हेगमधल्या एका सरकारी कार्यालयाकडे तपासायला देतात. नाव सेंट्राल प्लानबुरो, म्हणजे मध्यवर्ती नियोजन कार्यालय (नियोजन मात्र ते करत नाही!). 1986 पासूनची ही प्रथा. अमुक कर वाढवला, तमुक भत्ता कापला, तर तूट किती आणि रोजगार किती, ते कार्यालय छापतं. मग टीव्हीवर पुढारी तेच आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

फुकट वाटपाच्या घोषणांना विटलेल्या आपल्या माणसाला हे फार भारी वाटेल. खर्चाची बेरीज तपासावी, जरूर तपासावी. पण मंडळी, बेरीज वेगळी आणि भाकीत वेगळं.

मी इंजिनियर. तुळई किती वाकेल याचं गणित मी करतो, तेव्हा तुळई माझा अहवाल वाचत नाही. माणसं वाचतात आणि वागणं बदलतात. इथले पक्षसुद्धा मॉडेलला काय रुचतं ते ओळखून जाहीरनामा बेततात! बेकारभत्ता कापला की लोक लवकर काम शोधतात, हे मॉडेलमधलं गृहीतक. त्यामुळे भत्ता कापणारा पक्ष तक्त्यात रोजगार वाढवणारा ठरतो. शाळेवरचा खर्च मात्र तुटीत लगेच दिसतो. पोर कमावतं होईपर्यंत चार निवडणुका उलटतात.

या कार्यालयाचे 1945 मधले पहिले संचालक यान टिनबर्गन मूळचे भौतिकशास्त्रातले. (आपले महालनोबिसही तसेच.) 1969 चं अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पण त्यांच्या पद्धतीवर केन्सने 1939 मध्येच बोट ठेवलं होतं: सगळी कारणं यादीत आली कशावरून, आणि काल जुळलेलं नातं उद्या टिकेल कशावरून?

सप्टेंबर 2008 मध्ये याच कार्यालयाने 2009 साठी थोड्या वाढीचा अंदाज दिला. अर्थव्यवस्था जवळजवळ 4 टक्क्यांनी आकसली. पूल असा पडला असता तर चौकशी बसली असती. इथे 2010 च्या निवडणुकीला पक्ष पुन्हा त्याच दारात!

2023 मध्ये विल्डर्स यांच्या पक्षाने जाहीरनामा तपासायला दिलाच नाही, आणि 150 पैकी सर्वाधिक 37 जागा मिळवल्या. कारणं अनेक, स्थलांतराचा मुद्दा त्यात मोठा. पण साधी बेरीजसुद्धा टाळून जिंकता येतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

भत्ता कापल्यावर माणूस काय करेल, हा वाद उमेदवारांनी लोकांसमोर घालावा. तो मॉडेलच्या परिशिष्टात मिटवून टाकायचा अधिकार कुणी दिला?