पिक्चर ट्यूबला गिऱ्हाईक कोण?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं टीव्ही-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या डब्बा टीव्हींच्या पिक्चर ट्यूब रचून ठेवल्यात. भंगारवाला येतो, ट्यूबच्या मानेवरचा योक मागतो, कारण त्यात तांबं असतं; बोर्डही मागतो. काच नको म्हणतो. त्या काचेत शिसं आहे. मग मीही अडून बसतो, काच नेणार असशील तर योक मिळेल. तो हसतो आणि सायकलला टांग मारतो.

त्याला काय बोलणार? पोटावरचा धंदा आहे त्याचा. बोलायचं ते सरकारला. 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले. 106 प्रकारची उपकरणं त्यात येतात. कंपन्यांना रिसायकलिंगचं उद्दिष्ट घालून दिलंय, 2023-24 साठी 60 टक्के, 2027-28 पासून 80 टक्के. पण त्यासाठी कंपनीला माझ्या शेडपर्यंत यावं लागत नाही. नोंदणी केलेल्या रिसायकलरकडून पोर्टलवर प्रमाणपत्रं घेतली की तिचा हिशेब चुकता. ही प्रमाणपत्रं निघतात सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर. म्हणजे भंगारवाल्याचंच गणित, फक्त इस्त्री केलेलं! शिशाची काच, जुन्या एलसीडीमागच्या पाऱ्याच्या नळ्या यांची नीट विल्हेवाट लावा असं नियम बजावतात खरं, पण त्यात कुणाला दमडी सुटत नाही. रिसायकलरला किलोमागे किमान 22 रुपये मिळावेत असं केंद्रानं ठरवलं, तर बड्या कंपन्या थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

कंपन्यांचं न्यायालय बघेल. राज्याचं काय? याच नियमांनी राज्यालाही कामं नेमून दिलीत. औद्योगिक वसाहतीत या धंद्यासाठी जागा राखायची, मोडतोड करणाऱ्या कामगारांची नोंदणी करायची, त्यांना शिकवायचं, त्यांच्या आरोग्यावर नजर ठेवायची. बेवारस माल शहराच्या पालिकेनं गोळा करून रिसायकलरकडे धाडायचा. माझ्या शेडमधला बराच माल बेवारसच आहे. काही सेट असेंबल्ड, त्यांना कंपनीच नव्हती. वेस्टन, डायनोरा ही टीव्हींची जुनी नावं तर माझ्या हाताखालच्या पोरानं ऐकलेलीही नाहीत.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक तालुक्याच्या एमआयडीसीत एक गाळा, एक वजनकाटा, दर लिहिलेला फळा. भंगारवाल्याला हाकलू नका, ओळखपत्र देऊन तिथंच बसवा; गल्लीबोळ त्याला पाठ आहेत. काचेला आणि नळ्यांनाही दर लावा, पैसे कंपन्यांकडून वसूल करा.

आणि फ्रिजचं तेवढं आधी बघा. आज कॉम्प्रेसर काढताना नळी कटरनं कापतात, फुस्स आवाज होतो, गॅस हवेत. कापणाऱ्याला वासही येत नाही, म्हणून भीतीही नाही. जुन्या फ्रिजमधला आर-12 गॅस ओझोनचा वैरी, त्यानंतर आलेला आर-134ए हवा तापवणारा. असा गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेणारं रिकव्हरी मशीन मिळतं, पण एकेकट्या मेकॅनिकला परवडत नाही. गाळ्यात एक ठेवलं तर तालुक्यातल्या सगळ्यांना पुरेल. चालवायला पोरांना मी शिकवीन, फुकट.